अँटिव्हायरस थोड्या वेळासाठी बंद करावा का? घरच्या संगणकाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधल्या बहुतेक घरांत संगणक एकच असतो आणि कामे मात्र अनेक असतात. इंदिरानगर किंवा सिडकोतल्या एखाद्या घरी त्याच यंत्रावर मुलांचा अभ्यास होतो, सोसायटीच्या देखभाल खर्चाचा हिशेब ठेवला जातो आणि बँकेचे व्यवहारही होतात. निफाड-दिंडोरीकडच्या घरी त्याच यंत्रावर द्राक्षबागेच्या निर्यात नोंदणीची कागदपत्रे आणि सात-बाराचे उतारे जपून ठेवलेले असतात. अशा संगणकावर एखादे सॉफ्टवेअर बसवताना अडथळा आला की "दोन मिनिटे अँटिव्हायरस बंद करा, काम झाले की पुन्हा चालू करा" असा सल्ला हमखास मिळतो. या सल्ल्यात नेमका धोका कोठे आहे, तो केव्हा नगण्य असतो आणि केव्हा महागात पडतो, हे पुढील प्रश्नोत्तरांत सांगितले आहे. उत्तरे प्रामुख्याने विंडोज १० आणि ११ सोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडरला धरून दिली आहेत. क्विक हील, के७, ई-स्कॅन यांसारखा वेगळा अँटिव्हायरस असेल तर बटणांची नावे बदलतील, तत्त्व तेच राहील.

पाच मिनिटे बंद ठेवल्याने खरोखर काही बिघडू शकते का?

बिघडू शकते, आणि किती बिघडेल हे मिनिटांच्या संख्येवर फारसे अवलंबून नसते. त्या मिनिटांत कोणती फाइल चालवली गेली, यावर ते ठरते. अँटिव्हायरसचे सर्वांत मोलाचे काम फाइल डिस्कवर उतरताना, उघडताना किंवा चालू होताना तिची तपासणी करणे हे असते. डिफेंडरमध्ये या कामाला 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' असे नाव आहे आणि लोक 'अँटिव्हायरस बंद केला' म्हणतात तेव्हा बहुधा हेच बटण बंद केलेले असते. ते बंद असताना चालवलेल्या प्रोग्रॅमला तुमच्या खात्याचे सर्व अधिकार मिळतात, आणि 'या अ‍ॅपला संगणकात बदल करू द्यायचे का' या खिडकीवर घाईघाईने 'येस' दाबले असेल, तर ॲडमिनिस्ट्रेटरचेही.

घरच्या संगणकावर सध्या सर्वांत चिंताजनक म्हणावा असा प्रकार माहिती चोरणाऱ्या प्रोग्रॅमांचा आहे. त्यांना 'इन्फोस्टीलर' म्हणतात. असा प्रोग्रॅम चालू झाला की ब्राउझरने जपून ठेवलेले पासवर्ड, कार्डांचे तपशील आणि लॉगिनच्या कुकीज (आपण आधीच लॉगिन केले आहे हे संकेतस्थळाला सांगणाऱ्या लहान नोंदी) गोळा करतो, त्यांचे एक गाठोडे बांधतो आणि ते इंटरनेटवरून आपल्या मालकाकडे धाडतो. या सगळ्याला अनेकदा एक मिनिटही लागत नाही, पडद्यावर काही दिसत नाही, आणि काम झाल्यावर काही प्रकार स्वतःची फाइल पुसून टाकतात. लुमा नावाचा असा एक प्रोग्रॅम १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत जगभरच्या ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणकांत आढळल्याचे मायक्रोसॉफ्टने त्याविरुद्धच्या कारवाईच्या वेळी जाहीर केले होते. पाच मिनिटे हा काळ माणसाला थोडा वाटतो. अशा प्रोग्रॅमला तो भरपूर होतो.

पुन्हा चालू केल्यावर अँटिव्हायरस तो व्हायरस शोधून काढणार नाही का?

कधी काढेल, कधी नाही. फाइल डिस्कवर जशीच्या तशी पडून असेल आणि तिची ओळख अँटिव्हायरसला असेल, तर पुढच्या स्कॅनमध्ये किंवा ती पुन्हा उघडली जाईल तेव्हा ती सापडण्याची शक्यता चांगली असते. तथापि तीन गोष्टी त्याच्या हाताबाहेर गेलेल्या असतात.

पहिली म्हणजे बाहेर गेलेली माहिती. चोरीला गेलेला पासवर्ड कोणताही अँटिव्हायरस परत आणू शकत नाही. दुसरी म्हणजे कुलूपबंद झालेल्या फाइली. खंडणीखोर प्रोग्रॅम, म्हणजे रॅन्समवेअर, फोटो आणि कागदपत्रे एनक्रिप्ट करतो. नंतर तो प्रोग्रॅम पकडून काढून टाकला तरी फाइली बंदच राहतात, कारण किल्ली हल्लेखोराकडे असते. तिसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते आणि म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मिळालेला घातक प्रोग्रॅम अँटिव्हायरसच्या सूट दिलेल्या यादीत, म्हणजे 'एक्सक्लूजन्स'मध्ये, स्वतःच्या फोल्डरचे नाव घालून ठेवू शकतो. त्यानंतर रिअल-टाइम प्रोटेक्शन चालू झाले, हिरवी खूण दिसू लागली, पूर्ण स्कॅन केले आणि 'धोका आढळला नाही' असा निकाल आला, तरी त्या फोल्डरकडे अँटिव्हायरसने पाहिलेलेच नसते. याशिवाय तो विंडोजच्या 'टास्क शेड्यूलर'मध्ये स्वतःची वेळ लावून ठेवतो आणि संगणक सुरू झाला की पुन्हा उठतो.

मी काहीच डाउनलोड केले नाही, काही उघडले नाही. संगणक नुसता चालू होता. तरीही धोका आहे का?

विंडोज अद्ययावत असेल, फायरवॉल (नको असलेल्या जोडण्या अडवणारी विंडोजची भिंत) चालू असेल आणि संगणक घरच्या राउटरच्या मागे असेल, तर या स्थितीत धोका फार कमी असतो, आणि अनावश्यक भीती पसरू नये म्हणून हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. बाहेरून येणारी अनाहूत जोडणी राउटर सहसा घरातल्या संगणकापर्यंत पोहोचू देत नाही.

मात्र हा भरवसा अपडेटवर उभा आहे. २००३ च्या ऑगस्टमध्ये पसरलेला ब्लास्टर हा वर्म, म्हणजे स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्रॅम, आणि १२ मे २०१७ रोजी सुरू झालेला वॉनाक्राय हा हल्ला, या दोन्हींना वापरकर्त्याने काही उघडण्याची गरज नव्हती; विंडोजमधल्या एकेका उणिवेतून ते जाळ्यावरच्या एका संगणकातून दुसऱ्यात शिरत होते. वॉनाक्रायने वापरलेली उणीव बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे हल्ल्याच्या सुमारे दोन महिने आधी दिले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते त्यांचे संगणक दीडशेच्या आसपास देशांत या हल्ल्यात सापडले. घरातल्या राउटरच्या आतच दुसरा बाधित लॅपटॉप असेल, तर राउटरची आडकाठी उपयोगी पडत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

सॉफ्टवेअरच्या सूचनापत्रिकेतच "अँटिव्हायरस बंद करून इन्स्टॉल करा" असे लिहिलेले असते. ते खोटे असते का?

नेहमी खोटे नसते. काही प्रामाणिक सॉफ्टवेअर विंडोजच्या खोलवरच्या भागांत बदल करतात: डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनाचे ड्रायव्हर, डीटीपीसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या मराठी टंकलेखन सॉफ्टवेअरच्या डाँगलचे (परवाना म्हणून यूएसबीत लावायच्या खुंटीचे) ड्रायव्हर, प्रिंटर आणि स्कॅनरची काही साधने, डिस्कचे विभाजन करणारे प्रोग्रॅम. असे बदल घातक प्रोग्रॅमांच्या वागण्याशी मिळतेजुळते दिसतात, म्हणून अँटिव्हायरस थबकतो आणि इन्स्टॉलेशन अर्धवट राहते. ग्राहकाच्या तक्रारी टाळण्यासाठी विक्रेते मग सरसकट 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असे छापून मोकळे होतात. माझ्या मते ही सवय चुकीची आहे. ज्या फाइलवर अँटिव्हायरस हरकत घेतो तिचे नाव सांगून तेवढीच सूट देण्याची रीत लिहिणे विक्रेत्याला सहज शक्य असते, आणि ग्राहकाने ती मागावीही.

सूचना पाळायची की नाही हे ठरवताना दोन प्रश्न विचारावेत. फाइल कोठून आली, हा पहिला. निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून आली असेल तर एक गोष्ट, कोणीतरी टेलिग्राम गटावर टाकली असेल किंवा ओळखीच्याने पेन ड्राइव्हमध्ये भरून दिली असेल तर दुसरी. आणि अँटिव्हायरसने खरोखर हरकत घेतली आहे का, हा दुसरा. बऱ्याच वेळा त्याने काही अडवलेलेच नसते. सूचनापत्रिका जुनी असते, आणि सॉफ्टवेअर अँटिव्हायरस चालू असतानाही निर्वेध बसते. म्हणून आधी काहीही बंद न करता प्रयत्न करून पाहावा.

महागड्या सॉफ्टवेअरचा 'क्रॅक' किंवा विंडोजचा 'ॲक्टिव्हेटर' चालवण्यासाठी थोडा वेळ बंद केला तर?

याचे उत्तर एकाच शब्दात द्यायचे तर 'नको'. या पृष्ठावर ज्या धोक्यांची चर्चा आहे त्यांतला सर्वांत मोठा वाटा याच दारातून आत येतो, म्हणून येथे थोडे थांबतो.

क्रॅक किंवा ॲक्टिव्हेटर म्हणजे परवाना विकत न घेता सॉफ्टवेअर चालू करून देणारा प्रोग्रॅम. त्यासोबत येणाऱ्या सूचना ठरावीक असतात. फाइल झिप स्वरूपात असते आणि तिला पासवर्ड लावलेला असतो. पासवर्ड शेजारच्या मजकूर फाइलमध्ये लिहिलेला असतो, बहुधा १२३४ सारखा. ज्याला फाइल गुप्त ठेवायची आहे तो पासवर्ड असा शेजारी ठेवत नाही. तो पासवर्ड अँटिव्हायरससाठी असतो, कारण पासवर्ड लावलेल्या झिपच्या आतला मजकूर त्याला तपासता येत नाही. पुढची सूचना असते की 'अँटिव्हायरस चुकीचा इशारा देईल, तो आधी बंद करा'. म्हणजे झिप उघडण्याआधी एक तपासणी टळते आणि उघडल्यानंतर दुसरी. तिसरी सूचना असते 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. या तीन पायऱ्या ओळीने पाळल्या की संगणकाच्या मालकाने स्वतःच्या हाताने सर्व अडथळे दूर केलेले असतात, आणि फाइलमध्ये काय आहे हे मात्र त्याला अजूनही ठाऊक नसते.

स्टॉप किंवा डीजेव्हीयू या नावाने ओळखले जाणारे रॅन्समवेअर घरगुती संगणकांत मुख्यतः असल्याच क्रॅक आणि की-जनरेटरांमधून पसरले. केएमएसपिको या नावाच्या ॲक्टिव्हेटरच्या बनावट इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट नावाचा माहितीचोर वाटला जात असल्याचे २०२१ मध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिले होते. काही वेळा क्रॅक खरोखर काम करतो, सॉफ्टवेअर चालू होते आणि वापरणारा निर्धास्त होतो. चोरीचा भाग त्याच्या पाठीमागे उरकलेला असतो. पैशांची अडचण असेल तर लिब्रे ऑफिस, जिंप, इंकस्केप यांसारखी मोफत आणि कायदेशीर साधने आहेत, आणि अभियांत्रिकीच्या अनेक महागड्या सॉफ्टवेअरांची विद्यार्थी आवृत्ती निर्मात्याकडूनच विनामूल्य मिळते. महाविद्यालयाच्या ई-मेल पत्त्यावरून ती मिळू शकते का, हे आधी पाहावे.

दुरुस्तीला आलेल्या माणसाने किंवा फोनवरच्या 'कस्टमर केअर'ने बंद करायला सांगितले तर?

या दोन अगदी वेगळ्या परिस्थिती आहेत. ओळखीचा तंत्रज्ञ समोर बसून काम करत असेल तर त्याला शांतपणे विचारावे: "दादा, कोणत्या फाइलसाठी बंद करताय? काम झालं की परत चालू करून दाखवाल ना?" चांगला तंत्रज्ञ या प्रश्नाने नाराज होत नाही. तो गेल्यावर विंडोज सिक्युरिटी उघडून सर्व खुणा हिरव्या आहेत का, हे स्वतः पाहून घ्यावे. परवाना नसलेले विंडोज किंवा ऑफिस बसवून अँटिव्हायरस कायमचा बंद ठेवलेले संगणक घरोघरी असतात आणि मालकाला वर्षानुवर्षे त्याचा पत्ता नसतो.

फोनवरून अनोळखी व्यक्तीने सांगितले असेल, तर फोन ठेवून द्यावा. बँक, वीज मंडळ, मायक्रोसॉफ्ट किंवा पोलीस यांपैकी कोणीही आपल्याला फोन करून अँटिव्हायरस बंद करायला आणि संगणकाचा ताबा देणारे अ‍ॅप बसवायला सांगत नाही. या नियमाला अपवाद नाही. गूगलवर शोधून सापडलेला ग्राहकसेवेचा क्रमांकही बनावट असू शकतो, म्हणून क्रमांक पासबुकावरून, कार्डाच्या मागून किंवा बिलावरून घ्यावा.

पण अँटिव्हायरस चुकतोही ना?

चुकतो, आणि कधी कधी मोठी चूक करतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका सदोष अपडेटने विंडोज एक्सपीमधली एक अत्यावश्यक फाइलच व्हायरस ठरवली आणि असंख्य संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले. त्यामुळे प्रत्येक इशारा ब्रह्मवाक्य मानावा असे कोणी म्हणणार नाही.

इशारा खरा की खोटा हे ठरवायला काही साधने मात्र आपल्या हाती असतात. फाइलवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडावे आणि 'डिजिटल सिग्नेचर्स' हा भाग आहे का ते पाहावे. नामांकित निर्मात्याच्या इन्स्टॉलरवर त्याच्या नावाची स्वाक्षरी असतेच. स्वाक्षरी आहे म्हणून फाइल निर्दोष ठरत नाही, पण मोठ्या कंपनीच्या नावाने आलेल्या फाइलवर ती नसणे हे वाईट लक्षण आहे. नंतर व्हायरसटोटल या संकेतस्थळावर ती फाइल चढवावी. तेथे सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस एकाच वेळी फाइल तपासतात. एक-दोघांनीच हरकत घेतली असेल आणि फाइल निर्मात्याकडून थेट आलेली असेल, तर इशारा चुकीचा असण्याचा संभव आहे. वीस-पंचवीस जणांनी हरकत घेतली असेल तर विषय संपला. व्हायरसटोटलवर चढवलेली फाइल सुरक्षा संशोधकांनाही उपलब्ध होते, म्हणून तेथे आधार कार्ड, बँकेचे विवरण किंवा कोणतेही खासगी कागदपत्र चढवू नये.

डिफेंडरने दिलेल्या नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि 'एमएल' ही अक्षरे असतील, तर तो निष्कर्ष संगणकीय अंदाजातून आलेला असतो. तेथे चुकीला जागा थोडी अधिक असते. अशी फाइल मायक्रोसॉफ्टकडे तपासणीसाठी पाठवता येते.

संपूर्ण संरक्षण बंद न करता काम कसे करून घ्यावे?

फाइलची खात्री पटली असेल तर फक्त तिलाच परवानगी द्यावी. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' आणि त्यात 'प्रोटेक्शन हिस्टरी' उघडली की अडवलेली फाइल तारखेसह दिसते. तिच्यासमोर 'ॲक्शन्स'मध्ये 'अलाउ' किंवा 'रिस्टोअर' असा पर्याय मिळतो. बाकी सर्व फाइलींची तपासणी तेव्हाही चालू राहते. दुसरा मार्ग 'मॅनेज सेटिंग्ज'च्या तळाशी असलेल्या 'एक्सक्लूजन्स'चा आहे. तेथे एखादी फाइल, फोल्डर, फाइलचा प्रकार किंवा प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) यांना सूट देता येते.

सूट देताना हात आखडता ठेवावा. हिशेबाचे सॉफ्टवेअर मंद चालते म्हणून त्याच्या डेटाच्या फोल्डरला सूट देणे समजू शकते. पण कित्येक संगणकांवर ही यादी उघडली तर तिच्यात पूर्ण सी ड्राइव्ह किंवा पूर्ण 'डाउनलोड्स' फोल्डर आढळतो. कोणीतरी कधीतरी एका कामासाठी ती सूट दिलेली असते, काम होऊन जाते आणि सूट राहते. अशा संगणकावर अँटिव्हायरसचे चिन्ह हिरवे असते, अपडेट आजचे असते, आणि ज्या ठिकाणी इंटरनेटवरून आलेली प्रत्येक फाइल उतरते नेमके तेच ठिकाण तपासणीबाहेर असते. थोडा वेळ बंद केलेला अँटिव्हायरस निदान पुन्हा चालू होतो. ही सूट कोणी काढेपर्यंत तशीच राहते. म्हणून आज हे पृष्ठ वाचून एकच गोष्ट करायची असेल, तर ती यादी उघडून पाहावी.

सगळे करून पाहिले, तरी बंद करावेच लागले. मग कोणता क्रम पाळावा?

फाइल निर्मात्याच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून घ्यावी आणि ती उतरताना संरक्षण चालू असावे. महत्त्वाच्या कागदपत्रांची आणि फोटोंची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती हार्ड डिस्क संगणकापासून काढून ठेवावी, कारण जोडलेली डिस्कही रॅन्समवेअरच्या तावडीत सापडते. ब्राउझर, ई-मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप बंद करावे. इन्स्टॉलरला इंटरनेट लागत नसेल तर वाय-फाय बंद करावे किंवा राउटरची केबल काढावी. मग रिअल-टाइम प्रोटेक्शन बंद करून तेवढी एकच फाइल चालवावी. त्या वेळात दुसरे काहीही उघडू नये, पेन ड्राइव्ह लावू नये. फायरवॉल बंद करण्याची गरज अशा वेळी जवळजवळ कधीच नसते, तिला हात लावू नये.

काम झाल्यावर क्रम महत्त्वाचा आहे: आधी संरक्षण चालू करावे, नंतर इंटरनेट जोडावे, अँटिव्हायरसचे अपडेट घ्यावे आणि पूर्ण स्कॅन लावावे. पूर्ण स्कॅनला काही तास लागू शकतात. रात्री लावून ठेवले तरी चालते.

इंटरनेट तोडल्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. घातक प्रोग्रॅम जोडणी परत येण्याची वाट पाहत बसू शकतो, आणि रॅन्समवेअरच्या काही प्रकारांना फाइली कुलूपबंद करण्यासाठी इंटरनेट लागतही नाही.

डिफेंडर आपोआप पुन्हा चालू होतो का?

होतो. सेटिंग्जमधून बंद केलेले रिअल-टाइम प्रोटेक्शन थोड्या वेळाने किंवा संगणक पुन्हा सुरू केल्यावर आपोआप चालू होते. इतर कंपन्यांच्या अँटिव्हायरसमध्ये बंद करताना कालावधी विचारला जातो. तेथे सर्वांत लहान कालावधी निवडावा, 'कायमचा' कधीही नाही.

गेम किंवा व्हिडिओचे संपादन मंद चालते म्हणून बंद करणे योग्य आहे का?

योग्य नाही. अँटिव्हायरसमुळे संगणक मंदावत असेल तर स्कॅनची वेळ बदलावी. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो, त्याच्या तुलनेत अँटिव्हायरस बंद करून मिळणारा वेग किरकोळ असतो.

झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला पेन ड्राइव्ह लावला, आणि नेमका तेव्हा अँटिव्हायरस बंद होता. काय पाहावे?

सीबीएस, शालिमार किंवा कॉलेज रोडवरच्या दुकानांतल्या संगणकांना दिवसभरात अनेक अनोळखी पेन ड्राइव्ह लागतात, त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे. पेन ड्राइव्ह उघडल्यावर तुमची फोल्डरे दिसत नसतील आणि त्यांच्या जागी एकच चिन्ह दिसत असेल, ज्याचे नाव पेन ड्राइव्हसारखेच आहे आणि कोपऱ्यात लहान वाकडा बाण आहे, तर तो 'शॉर्टकट व्हायरस'चा प्रकार आहे. बाण असलेल्या चिन्हावर क्लिक करू नये. क्लिक केल्यास तुमचे फोल्डर उघडते खरे, म्हणून शंका येत नाही, पण त्याआधी लपवलेला प्रोग्रॅमही चालू होतो आणि त्यानंतर संगणकाला लागणाऱ्या प्रत्येक पेन ड्राइव्हवर स्वतःची प्रत टाकत राहतो.

क्लिक केलेले नसेल तर बहुधा काही बिघडलेले नाही. पेन ड्राइव्ह काढून घ्यावा, संरक्षण चालू करावे, पुन्हा लावून 'धिस पीसी'मध्ये (पूर्वीचे 'माय कॉम्प्युटर') त्याच्यावर उजवी क्लिक करून स्कॅन करावे. मूळ फाइली सहसा पुसलेल्या नसतात, फक्त लपवलेल्या असतात. 'व्ह्यू'मध्ये लपवलेल्या वस्तू दाखवण्याचा पर्याय निवडला की त्या बहुधा दिसू लागतात. पुढच्या वेळी छपाईसाठी पेन ड्राइव्ह नेण्याऐवजी पीडीएफ दुकानदाराच्या ई-मेलवर पाठवता आली, तर हा प्रश्नच येत नाही.

बंद असताना काहीतरी चालवले गेले आणि आता संशय येतो आहे. आधी काय करावे?

सर्वप्रथम त्या संगणकाचे इंटरनेट तोडावे. त्यानंतरचे काम दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून करावे, उदाहरणार्थ स्वतःच्या मोबाइलवरून. बाधित संगणकावर बसून पासवर्ड बदलला तर नवा पासवर्डही चोराच्या हाती जाऊ शकतो. मुख्य ई-मेलपासून सुरुवात करावी, कारण बाकी सर्व खात्यांचे पासवर्ड त्याच्यामार्फत बदलता येतात. मग बँक, मग बाकीची खाती. नुसता पासवर्ड बदलून थांबू नये. चोरलेल्या कुकीजमुळे ओटीपी न विचारताही खात्यात शिरता येते, म्हणून प्रत्येक खात्यातून 'सर्व उपकरणांवरून साइन आउट' हा पर्याय वापरावा.

संगणकावर विंडोज सिक्युरिटीच्या 'स्कॅन ऑप्शन्स'मधून 'ऑफलाइन स्कॅन' चालवावे. संगणक पुन्हा सुरू होतो आणि नेहमीचे विंडोज उघडण्याआधीच सुमारे पंधरा मिनिटांत तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्या प्रोग्रॅमला स्वतःला वाचवता येत नाही. त्यानंतर एक्सक्लूजन्सची यादी पाहावी आणि आपण न घातलेली प्रत्येक नोंद काढावी. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर, जे २१ फेब्रुवारी २०१७ पासून कार्यरत आहे, संगणक साफ करण्याची मोफत साधने मिळतात. इतके करूनही मन साशंक असेल, तर कागदपत्रांची प्रत घेऊन विंडोज नव्याने बसवणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

फाइलींची नावे बदलून त्या उघडेनाशा झाल्या असतील, तर त्या पुसू नयेत आणि पैसेही पाठवू नयेत. नो मोअर रॅन्सम हा उपक्रम डच पोलीस, युरोपोल (युरोपीय संघाची पोलीस यंत्रणा) आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केला. त्याच्या संकेतस्थळावर अनेक प्रकारांसाठी कुलूप उघडणारी साधने मोफत मिळतात. आज साधन नसेल तर काही महिन्यांनी येऊ शकते, म्हणून बंद फाइलींची प्रत जपून ठेवावी.

पैसे गेले असतील तर एक क्षणही दवडू नये. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला लगेच कळवावे; लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर किंवा नाशिक शहर अथवा नाशिक ग्रामीण पोलिसांच्या सायबर पोलीस ठाण्यात देता येते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, दोष बँकेचा नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा फसवणुकीत ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले तर त्याच्यावर भार पडत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत मर्यादित भार पडतो. पासवर्ड किंवा ओटीपी स्वतः सांगितल्यासारखा निष्काळजीपणा असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे असते आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून चूक कोणाची, याचा विचार करत बसण्याआधी कळवणे हिताचे आहे. फोन केल्याची वेळ आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा.

आमच्याकडे अजून विंडोज १० आहे. हे सगळे तेथेही लागू आहे का?

लागू आहे, आणि तेथे अँटिव्हायरस बंद करणे अधिक जोखमीचे आहे. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. डिफेंडरला नव्या व्हायरसांची ओळख देणारी अपडेट मिळत राहतील, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. परंतु विंडोजमधल्या उणिवा बुजवणारी अपडेट फक्त विस्तारित योजनेत नाव नोंदवलेल्यांना मिळतात आणि घरगुती वापरकर्त्यांसाठी त्या योजनेची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ठरवलेली आहे. खालचा पाया कच्चा असताना वरची तपासणीही काढून घेणे टाळावे.

घरातल्या मुलांनी किंवा आजी-आजोबांनी परस्पर बंद करू नये म्हणून काय करता येईल?

त्यांच्यासाठी 'स्टँडर्ड' प्रकारचे वेगळे खाते उघडावे. त्या खात्यातून रिअल-टाइम प्रोटेक्शन बंद करायला गेल्यास ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड विचारला जातो, आणि गेमचा क्रॅक किंवा अनोळखी ड्रायव्हर बसवतानाही बहुधा तोच विचारला जातो. शक्य असेल तर आपणही रोजच्या कामासाठी असेच खाते वापरावे. 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू आहे ना, हे एकदा पाहावे. ते चालू असताना एखादा प्रोग्रॅम आपल्या नकळत डिफेंडर बंद करू शकत नाही, आपण स्वतः सेटिंग्जमधून मात्र बंद करू शकतो. आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवू नये.